‘कोणाचा रे तू?’
नव्या माणसाचे स्वागत आणि कारखान्याचे भवितव्य



दसरा-दिवाळी झाली की आपल्या सर्वांचे डोळे कारखान्याच्या धुराड्याकडे लागतात. बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, काट्याची पूजा होते, गव्हाणीत मोळी पडते, पेढे वाटले जातात. भाषणे होतात, फोटो निघतात. पहिली गाडी वाजतगाजत येते, तिच्या बैलांच्या शिंगांना गोंडे असतात आणि ट्रॅक्टर असला तर त्याच्या नळीला हार असतो. उसाच्या स्वागताला आपण काही कमी पडत नाही.

त्याच दिवसांत फाटकातून काही माणसेही पहिल्यांदा आत येतात. कोणी आयटीआय करून शिकाऊ उमेदवार म्हणून आलेला फिटर असतो, कोणी मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शिकून आलेला केमिस्ट. कोणी हंगामापुरता घेतलेला, कोणी कंत्राटदारामार्फत आलेला. शेती खात्याकडे नवा स्लिपबॉय येतो. आणि फडाफडांतून, गावाबाहेरच्या माळावर, ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. या माणसांना हार नाही आणि पेढाही नाही. फाटकावरचा वॉचमन नाव लिहून घेतो, टाइम ऑफिस टोकन नंबर देते आणि ‘जा, मिलला जाऊन भेट’ असे सांगून मोकळे होते. मिल कुठे, भेटायचे कोणाला, पाणी कुठे प्यायचे, डबा कुठे ठेवायचा, हे ज्याचे त्याने शोधावे.

हा लेख त्या माणसांविषयी आहे. नव्याला पहिल्या आठवड्यात आपण कसे घेतो, यावर तो पुढे कारखान्याला ‘आपला’ म्हणणार की नाही हे बऱ्याच अंशी ठरते. आणि त्याने आपला म्हटले नाही, तर त्याचा तोटा पगारपत्रकात दिसत नाही. तो उताऱ्यात आणि अपघात-वहीत दिसतो.

पहिला प्रश्न

नवा माणूस खात्यात जाऊन उभा राहिला की त्याला पहिला प्रश्न कोणता विचारतात, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. ‘कोणाचा रे तू?’

वरकरणी हा प्रश्न मायेचा आहे. खेडेगावात पोराला असेच विचारतात. त्यातून गाव कळते, घर कळते, पाहुणेरावळे निघतात आणि माणूस जवळचा होतो. पण कारखान्याच्या आवारात या प्रश्नाचा अर्थ बदलतो. तिथे तो विचारतो : तू कोणत्या संचालकाच्या चिठ्ठीवर आलास? कोणत्या गटाचा? कोणत्या गावचा पुढारी तुझ्या पाठीशी? उत्तर वजनदार असले तर त्याला हलके काम मिळते. उत्तर हलके असले तर राखेचे नाही तर बगॅसचे काम मिळते. आणि ‘कोणाचाच नाही, जाहिरात वाचून अर्ज केला’ असे कोणी म्हणाला तर त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते.

यातून नवा माणूस पहिल्याच दिवशी एक धडा शिकतो. इथे टिकायचे तर कारखान्याचा असून भागत नाही, कोणाचा तरी असावे लागते. मग तो त्या ‘कोणाचा’ होऊन राहतो. त्या माणसाची सत्ता गेली की याचे मन उडते आणि सत्ता आली की याची मान ताठ होते. यंत्र, रस, साखर आणि सभासद यांच्याशी त्याचे नाते जुळायच्या आधीच दुसरीकडे बांधले जाते.

यात सभासदाच्या मुलाचे वेगळेच नुकसान होते. तो नोकरीला लागला की जुनी मंडळी त्याला बिचकतात. ‘मालकाचं पोरगं, ह्याला कोण बोलणार?’ म्हणून चुकले तरी सांगत नाहीत. बाहेरगावचा पोरगा बोलणी खाऊन खाऊन कंटाळतो आणि सभासदाचा मुलगा बोलणीच न खाल्ल्यामुळे शिकत नाही. दोघेही परके राहतात, एक तिरस्काराने आणि दुसरा भीडेने.

सभासदाचा यात काय संबंध?

कोणी म्हणेल, हे कामगारांचे आणि ऑफिसचे प्रकरण, आम्ही ऊस पिकवणारी माणसे, आमचा यात संबंध काय? संबंध रुपये-पैशांचा आहे, म्हणून आधी हिशेब पाहू.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली. त्यावर दर ०.१ टक्का उताऱ्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जादा. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. ज्याचा शंभर टन ऊस जातो त्याला उताऱ्यातला एक दशांश टक्का ३,४६० रुपयांचा पडतो. हा एक दशांश शेतात बेणे, खत आणि तोडणीची वेळ यांवर मिळतो आणि कारखान्यात माणसांच्या हातून राखला किंवा गमावला जातो.

रसाला चुना आणि गंधकाचा धूर देतात त्या जागेचे उदाहरण घ्या. रस फार आंबट राहिला तर त्यातली साखर फुटते, म्हणजे तिचा दाणा होत नाही आणि ती मळीत जाते. चुना जास्त झाला तर साखरेचा रंग बिघडतो. मध्ये जो थोडा पट्टा आहे तो सांभाळायचे काम तिथल्या माणसाचे. रात्रपाळीला तिथे नवा पोरगा असला आणि त्याच्या मनात शंका आली, तर तो शेजारच्या जुन्या माणसाला विचारील की नाही? पहिल्या दिवशी विचारले तेव्हा ‘एवढंही येत नाही? कोणी पाठवलं रे तुला?’ असे ऐकून घ्यावे लागले असेल, तर तो विचारणार नाही. गप्प बसेल आणि पाळी संपायची वाट पाहील. त्या तासाभरात जे जाते ते आपल्या सर्वांच्या बिलातून जाते.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. कॅनडातल्या टोरांटो शहरातील इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ या संस्थेने कामावरच्या इजांचा बारकाईने अभ्यास केला आहे. कामावरच्या पहिल्या महिन्यात माणसाला घरी बसवील अशी इजा होण्याचा धोका, वर्षाहून जुन्या माणसाच्या तिपटीपेक्षाही जास्त असतो, असे त्यांना आढळले. साखर कारखान्यात फिरते पट्टे आहेत, वाफेच्या नळ्या आहेत, उकळता रस आहे, चेन आहेत, वरून फिरणारी क्रेन आहे. कुठे उभे राहायचे नाही, हे जुन्याच्या अंगवळणी पडलेले असते. नव्याला ते कोणी तरी हाताला धरून दाखवावे लागते. ते दाखवणारा माणूस ही त्याच्या स्वागताची पहिली खूण.

कुंडल रोडच्या माळावर

माणूस कसा घ्यावा याचा एक मोठा दाखला आपल्या उसाच्या पट्ट्यातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला तंत्रशाळेत शिक्षक होते. लायकी असून त्यांची बढती डावलली गेली आणि ती जागा अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. ‘तू काय जाणतोस’ यापेक्षा ‘तू कोणातला’ हा प्रश्न मोठा ठरला की काय होते, ते त्यांनी स्वतः भोगले होते. नोकरी सोडून ते बेळगावला आले. पुढे तिथली जागाही सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ त्यांना दिला. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंग आणि सापांनी भरलेली ती जागा होती. तिथून निघालेले लोखंडी नांगर आपल्या आजोबा-पणजोबांच्या हाती आले.

या कारखान्यासाठी लक्ष्मणरावांनी जमवलेल्या माणसांत पदव्यांची रांग नव्हती. शाळा-कॉलेजात मन न रमलेल्या, दुसरीकडे टाकाऊ ठरलेल्या माणसांतले गुण त्यांनी हेरले आणि ज्याला जे जमते ते काम त्याच्याकडे सोपवले. तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी राखणीचे काम दिले. ज्याच्यापासून लोक कुलपे लावतात त्याच्याच हाती राखण! ही जोखीम त्यांनी डोळे उघडे ठेवून घेतली आणि त्या माणसांनी विश्वास राखला.

त्या काळी ‘कामगार व्यवस्थापन’ असा शब्दही आपल्याकडे रुळला नव्हता. लक्ष्मणराव एक गोष्ट जाणत होते : माणसाला आधी जागा द्यावी, मग तो त्या जागेला शोभेल असे वागायला बघतो. आधी शोभून दाखव, मग जागा देऊ, असे म्हटले तर शोभायला कारणच उरत नाही.

प्रवरेचा धडा

सहकारातला दाखला आपल्या सर्वांच्या घरचा आहे. लोणीचा प्रवरा सहकारी साखर कारखाना १९४८ साली नोंदला गेला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. विठ्ठलराव विखे पाटील हे थोडके शाळाशिक्षण झालेले शेतकरी. गावोगाव हिंडून त्यांनी भांडवल जमवले. पण अध्यक्षपदी बसवले धनंजयराव गाडगीळांना. गाडगीळ हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, पुस्तकांतला माणूस. ना लोणीचे, ना उसाचे, ना कोणाच्या भावकीतले.

लोणी परिसरातल्या शेतकऱ्यांनी ‘हा कोणाचा?’ हा प्रश्न बाजूला ठेवला. याच्यापाशी जे आहे ते आपल्यापाशी नाही आणि आपल्याला त्याची गरज आहे, एवढे पाहिले. गाडगीळांनीही परकेपणाने सल्ला देऊन पुण्याची गाडी धरली नाही. ते त्या कामात शिरले आणि वर्षानुवर्षे राहिले. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीचा पाया असा एका नव्या माणसाला मनापासून घेऊन घातला गेला आहे. आपण त्याच परंपरेचे नाव सांगतो, म्हणून आपल्या फाटकावर काय चालते ते पाहायला हवे.

टेक्सासमधला एक दिवस

आता थोडे दूरचे उदाहरण, कारण त्यात आकडे आहेत. अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स नावाची इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची कंपनी आहे. तिथे १९६० च्या दशकात बारीक जोडणीचे काम करायला नव्या मुली भरती होत. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत त्या भेदरलेल्या असत. अर्ल गोमर्सॉल आणि स्कॉट मायर्स या दोघांनी त्याचे कारण शोधले, तेव्हा असे दिसले की काम अवघड असण्यापेक्षा जुन्या बायकांनी घातलेली भीतीच जास्त आहे. ‘हे तुला जमायचं नाही,’ ‘साहेब फार कडक आहे,’ ‘बऱ्याच जणींना काढलं,’ असली भाषा. भीतीमुळे मुली विचारीत नसत, न विचारल्याने चुका होत आणि चुका झाल्या की भीती वाढे.

या दोघांनी एक साधा प्रयोग केला. नव्या मुलींच्या एका लहान गटाला पहिल्या दिवशी कामालाच लावले नाही. दिवसभर बसवून त्यांच्याशी बोलले. चार गोष्टी सांगितल्या. एक, तुम्हाला हे काम जमण्याची शक्यता खूप मोठी आहे. दोन, जुन्यांनी घाबरवले तर मनावर घेऊ नका, ती गंमत आहे. तीन, अडले की स्वतः होऊन विचारा. चार, तुमच्या वरिष्ठाचा स्वभाव असा असा आहे, त्याची ओळख करून घ्या.

एवढेच. या प्रयोगाचा अहवाल १९६६ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू या नियतकालिकात छापून आला. काम शिकायला लागणारा काळ निम्म्यावर आला. गैरहजेरी आणि उशिरा येणे निम्म्यावर आले. खराब मालाचे प्रमाण एक पंचमांशावर आले. एक दिवस ‘वाया’ घालवून कंपनीने कित्येक दिवस वाचवले.

आपल्याकडेही ही घाबरवण्याची कला चांगली पिकलेली आहे. ‘जा, स्टोअरमधून बादलीभर वाफ घेऊन ये’ म्हणून नव्या पोराला पिटाळायचे आणि तो खरेच बादली घेऊन निघाला की सगळ्या खात्याने हसायचे. गंमत म्हणून ठीक. हसणाऱ्यांपैकी एकाने नंतर त्याच्या खांद्यावर हात ठेवून ‘चल, चहा घेऊ, मग बॉयलर दाखवतो’ म्हटले तर तीच गंमत आठवण म्हणून राहते. तसा हात कोणी ठेवला नाही तर तो पोरगा पुन्हा कधी कोणाला काही विचारीत नाही. मग एक दिवस खरी अडचण येते आणि तो मुकाट उभा राहतो.

फडातला नवा माणूस

आतापर्यंत फाटकाच्या आतले बोललो. आता बाहेरचे. हा भाग थेट आपला, सभासदांचा आहे.

बीड, पाथर्डी, शेवगाव, जालना, परभणी आणि आणखी किती तरी भागांतून टोळ्या येतात. त्यांचे नाव कारखान्याच्या मस्टरवर नसते. व्यवहार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी, उचल त्याच्यामार्फत. कायद्याच्या कागदावर ते आपले कामगार आहेत की नाहीत हा वाद बाजूला ठेवू. आपल्या वर्षभराच्या कष्टावर शेवटचा हात फिरतो तो त्यांचाच. बुडख्याशी तोडायचा की वीतभर सोडून तोडायचा, पाचट किती साफ करायचे, मोळी आज भरायची की उद्यावर टाकायची, हे त्यांच्या हातात आहे. तुटलेला ऊस जसजसा पडून राहतो तसतसे वजन आणि साखर दोन्ही घटतात, हे आपण जाणतोच.

पण आपण त्यांना काय म्हणतो? ‘माझ्या फडात दहा कोयते लावलेत.’ नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसाचे नाव जाऊन हत्याराचे नाव त्याला लागले. तीन-चार दिवस आपल्या रानात राबलेल्या जोडप्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? बैलांची नावे मात्र आपण विचारून घेतो.

टोळी येते तेव्हा बहुधा संध्याकाळ झालेली असते. बरोबर म्हातारी माणसे, तान्ही लेकरे, कोंबड्या, बैल, शेळ्या. कोपी कुठे घालायची ते ठरलेले नसते. पाणी कुठले ते माहीत नसते. विहिरीवर गेले तर ‘कोण रे तिकडे?’ म्हणून हाळी येते. जळण कुठून घ्यावे, लेकरू तापले तर कुठे न्यावे, रानातल्या विजेच्या तारा कुठून गेल्यात, काही ठाऊक नसते. अशा रात्री त्यांच्या मनात आपल्या गावाविषयी जे बसते, ते सहा महिने बसते.

सभासदांच्या तक्रारी खऱ्या आहेत, त्याही मांडल्या पाहिजेत. खुशालीच्या नावाखाली पैसे मागतात, गाडीवाले एंट्री घेतल्याशिवाय हलत नाहीत, उचल घेऊन टोळी अर्ध्या हंगामात निघून जाते. या गोष्टी घडतात आणि त्यांचा बंदोबस्त कारखान्याने व गट ऑफिसने नियमानेच केला पाहिजे. मधुर बोलून वसुली होत नाही. पण याची दुसरी बाजूही पाहावी. ज्याला माहीत आहे की हा फड आज आहे, उद्या नाही, या शेतकऱ्याशी आपला संबंध मजुरीपलीकडे काही नाही, त्याने मिळेल तेवढे आजच ओरबाडून घ्यावे यात नवल ते काय? ज्या शेतकऱ्याने पहिल्या दिवशी पाण्याची सोय करून दिली, लेकराला दूध दिले, नाव विचारले, त्याच्या बांधावर मागायला तोच माणूस थोडा तरी कचरतो. हा नियम नव्हे, शंभर टक्के खात्रीही नव्हे. पण शेजारधर्माचा हा अनुभव आपल्या प्रत्येकाच्या गाठीला आहे.

करावे काय?

स्वागत म्हणजे लाड नव्हेत. वेळेवर येणे, हजेरी, शिस्त, सुरक्षेचे नियम हे नव्यालाही जुन्याइतकेच लागू. किंबहुना हे नियम पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगणे हा स्वागताचाच भाग. फॅक्टरी कायदा १९४८ चा. तो २०२५ पर्यंत लागू होता आणि त्यानुसार पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी नेमावा लागे. म्हणजे हे काम बघणारा माणूस कायद्यानेच दिलेला आहे. त्याला साथ देणे आपल्याकडे आहे. बिनखर्चाच्या किंवा अल्प खर्चाच्या काही गोष्टी अशा :

पहिली. कामावर घेतल्याच्या पत्रातच लिहावे की अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक नावाच्या माणसाला भेटा. आणि त्या माणसाने त्या वेळी फाटकावर हजर राहावे. आपली कोणी तरी वाट पाहत होते, एवढे कळले तरी माणसाची अर्धी भीती जाते.

दुसरी. पहिल्या दिवशी नव्याला उसाच्या वाटेने फिरवावे. काटा, गव्हाण, मिल, बॉयलर, रसाची सफाई, पॅन, सेंट्रिफ्युगल, गोदाम. प्रत्येक ठिकाणी तिथला माणूस काय करतो आणि चुकला तर पुढे काय बिघडते, ते सांगावे. वजनकाट्यावरच्या कारकुनालाही पॅन दाखवावा आणि लॅबोरेटरीतल्या मुलाला फड दाखवावा. आपल्या हातातले काम कुठून आले आणि कुठे जाते हे दिसले की माणसाला कामाचा अर्थ लागतो.

तिसरी. प्रत्येक नव्याला महिनाभर एक जुना जोडीदार द्यावा, त्याच पाळीचा, त्याच खात्याचा. जोडीदार खोचक जिभेचा नसावा, हाताचा कसबी असावा. पॅनवर दाणा कसा ओळखावा हे पुस्तकात अर्ध्या पानाचे आहे, बोटांत उतरायला वर्षे लागतात. निवृत्तीला आलेल्या पॅनमनच्या शेजारी नवा मुलगा उभा राहिला नाही, तर ती विद्या त्याच्याबरोबर फाटकाबाहेर जाईल. जोडीदाराचा हंगामाच्या शेवटी सर्वांसमोर सत्कार व्हावा.

चौथी. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला खातेप्रमुखाने नव्याला दहा मिनिटे बसवून विचारावे : काय कळले, काय अडले, कोणी त्रास देतो का? विचारून ऐकून घ्यावे, लगेच उपदेश करू नये.

पाचवी. टोळी यायच्या आधी गट ऑफिसने उतरण्याची जागा, पाणी आणि दिवा यांची सोय पाहून ठेवावी. टोळीतल्या प्रत्येक माणसाच्या नावाची यादी घ्यावी, बायकांच्या नावांसकट, आणि ती सभासदाला द्यावी. ज्याच्या फडाला तोड लागली त्या सभासदाने पहिल्या सकाळी स्वतः रानात जावे. बांध कुठला, विहीर कुठली, तारा कुठे, अडगळीची जागा कुठली, हे दाखवावे. दवाखाना आणि शाळा कुठे ते सांगावे. हे मुकादमावर टाकू नये.

सहावी, आणि सर्वांत कठीण. ‘कोणाचा रे तू?’ हा प्रश्न आपण सर्वांनी मिळून बंद करावा. संचालकांनी चिठ्ठी देऊ नये, ही अपेक्षा बरोबरच आहे. पण चिठ्ठी मागायला जातो कोण? आपणच जातो. आपल्या पोरासाठी, भाच्यासाठी, पाहुण्यासाठी. आपण मागितली नाही तर देणाऱ्याचेही ओझे उतरते. माणूस आत आल्यावर तरी त्याला विचारावे : ‘नाव काय तुझं? काय येतं तुला? काय शिकायचंय?’ या तीन प्रश्नांनी माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो. मग तो ज्या जागी उभा आहे ती जागा त्याची होते.

शेवटी थोडेसे

सहकार हा शब्द आपण भाषणात फार वापरतो. त्याचा साधा अर्थ, एकट्याला न जमणारे काम अनेकांनी मिळून करणे. त्या ‘अनेकां’मध्ये शेअर असलेला सभासद येतो, तसा टोकन असलेला कामगारही येतो आणि ना शेअर ना टोकन असलेला तोडणीवालाही येतो. शेअर सर्टिफिकेटवर आपले नाव छापलेले आहे, म्हणून आपल्याला आपलेपणा शिकवावा लागत नाही. ज्याचे नाव कुठेच छापलेले नाही, त्याला तो आपलेपणा आपल्या वागण्यातूनच मिळायचा आहे.

पुढच्या हंगामात गव्हाणीत मोळी पडेल, तेव्हा पेढ्याचा खोका हातात घेऊन एका सभासदाने मिल हाऊसच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या नव्या पोराकडे जावे. त्याला नाव विचारावे आणि आपलेही सांगावे. खर्च एका पेढ्याचा आहे.

जय सहकार!